स्वप्नातलं वांगं आणि चौथी गल्ली

नववर्षाच्या पहिल्या रात्री पडलेल्या स्वप्नाला जपानमध्ये फार मोल आहे. त्या स्वप्नात फुजी पर्वत दिसला तर सर्वांत उत्तम, ससाणा दिसला तर त्याखालोखाल, आणि तिसरा मान चक्क वांग्याचा. एदो काळापासून चालत आलेल्या या समजुतीची कारणं निरनिराळी सांगतात. त्यातलं एक असं, की ‘नासु’ हा वांग्याचा शब्द ‘साध्य करणं’ या अर्थाच्या क्रियापदासारखाच ऐकू येतो. जळगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो गालात हसेल. त्याला वांगं स्वप्नात पाहावं लागत नाही. मार्गशीर्ष लागला की ते त्याला जागेपणीच दिसतं, शेताच्या बांधावर, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळात.

वांग्याची आठवण निघण्याचं कारण जपानमधलं क्योतो शहर. ते पाहायला येणाऱ्यांसाठी तिथे एक बेत चांगला रुळला आहे: सकाळी वाटाड्याबरोबर सायकलवरून शहर हिंडायचं आणि दुपारी ओट्याशी उभं राहून तिथला स्वयंपाक शिकायचा. देवळांपुढे बसमधून उतरून फोटो काढण्यापेक्षा यात शहर जास्त कळतं, असा अनुभव सांगणारे बरेच आहेत. पायाला चढ कळतो, नाकाला गल्ली कळते.

क्योतो सायकलला मानवणारं शहर आहे. तिन्ही बाजूंना डोंगर आणि मधे सपाट खोलगट भाग. कामो नदीच्या काठाने लांबच लांब वाट जाते. इ. स. ७९४ मध्ये राजधानी वसवताना चीनमधल्या चांगआन नगरीच्या धर्तीवर कागदावर रेघा मारून रस्ते आखले गेले, आणि ती चौकट आजही शाबूत आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या अनेक मोठ्या रस्त्यांची नावं म्हणजे क्रमांकच आहेत: इचिजो म्हणजे पहिला, निजो दुसरा, सानजो तिसरा, शिजो चौथा. आकडे मोजता आले की माणूस चुकत नाही.

सुरुवातीचा वेळ वाटाड्या नियम सांगण्यात घालवतो. जपानमध्येही वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला एवढं एक सोपं जातं. बाकी सगळं अवघड. सायकल चालवताना हातात मोबाइल धरणं नोव्हेंबर २०२४ पासून इतका गंभीर गुन्हा ठरला आहे, की त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. सायकल वाटेल तिथे भिंतीला टेकवून ठेवली तर पालिका उचलून नेते आणि पैसे भरून सोडवून आणावी लागते. निशिकी बाजारापाशी तर उतरून पायीच जायचं. सुमारे चारशे मीटरची ही छपराखालची अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना लोणची, मासे, चहा, सुऱ्या आणि भाज्यांची शंभरावर दुकानं. चालता चालता खाऊ नका, अशी विनंतीही तिथे असते. आपल्याकडच्या कचोरीवाल्याचा धंदा तिथे दोन दिवसांत बसला असता.

दुपारच्या वर्गाची सुरुवात बहुधा ‘दाशी’पासून होते. कोंबु नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ पाण्यात तापवायचं, उकळी फुटण्याआधी काढायचं, मग त्यात वाळवलेल्या बोनिटो माशाचा पातळ कीस घालून गाळून घ्यायचं. मूळ क्योतोच्या इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबुच्या चवीतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. मासा न खाणाऱ्यांसाठी कोंबु आणि वाळलेले शिताके अळंबे वापरतात. बौद्ध मठांतल्या ‘शोजिन’ स्वयंपाकात तर कांदा-लसूणही वर्ज्य. जळगावच्या जैन घरातल्या पाहुण्याला तिथे फारसं समजावून सांगावं लागणार नाही. आणि मग येतं वांगं. क्योतोचं कामो-नासु हे गोल, जांभळं, गच्च गराचं. ते आडवं चिरून तेलावर शेकायचं आणि वरून गोडसर मिसोचा लेप द्यायचा. लांबट वांगं असेल तर ते अख्खं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून सोलतात आणि किसलेलं आलं व सोया सॉस घालून खातात. इथवर आलं की खानदेशी माणूस म्हणणार, हे तर आपलंच, फक्त लसूण राहिला!

तेव्हा हाच बेत खानदेशात मांडून पाहायला हरकत नाही. पहिली अडचण येते ती घड्याळाची. क्योतोची दाशी वीस मिनिटांत होते, म्हणून तो वर्ग तीन तासांत बसतो. इथलं स्वयंपाकघर घड्याळाला जुमानत नाही, ते पंचांगावर चालतं. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे सायकल कार्तिक ते माघ एवढ्यातच काढावी. सुदैवाने वांगंही तेव्हाच असतं.

सकाळ मेहरूण तलावापासून सुरू करावी. फिरायला येणाऱ्यांची वर्दळ, पाण्यावर धुकं, आणि हंगाम असेल तर मेहरूणची बोरं. या बोरांची गोडी जिल्ह्याबाहेरही माहीत आहे. तिथून शहरात शिरलं की सराफ बाजार. सोनं घ्यायचं तर जळगावला, असं शेजारच्या जिल्ह्यांतले लोकही म्हणतात, आणि लग्नसराईत त्या रस्त्यावर सायकल हातात धरूनच चालावं लागतं; निशिकीचाच नियम, फक्त पाटी नाही. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाई राहिल्या. असोद्याची ही लेक १८८० मध्ये जन्मली, लग्न होऊन जळगावात आली आणि १९५१ मध्ये इथेच गेली. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात सुचलेलं इतरांनी उतरवून ठेवलं, मुलगा सोपानदेव ते आचार्य अत्र्यांकडे घेऊन गेला आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. त्यांच्या वापरातली घरसंसाराची आणि शेतीची अवजारं वाड्यात जपली आहेत. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. पण विद्यापीठाच्या कमानीपेक्षा वाड्यातली ती अवजारं पाहिलेली बरी. दुपारी ज्या स्वयंपाकघरात हात घालायचा त्याची ओळख तिथे होते.

असोदा जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर. सपाट रस्ता, दोन्ही अंगांना कपाशी आणि केळी. भरताच्या वांग्यासाठी असोदा आणि यावल तालुक्यातलं बामणोद ही नावं घेतली जातात. हे वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हाताएवढं मोठं, बिया कमी आणि साल पातळ. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

भरताची कृती कागदावर चार ओळींत मावते, तरी तिला सकाळ पुरत नाही. वेचणी झालेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून जाळ करायचा. हा जाळ भडकतो लवकर आणि बसतोही लवकर, त्यामुळे वांगं आतून शिजतं, पण त्याचा कोळसा होत नाही. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येत नाही, आणि येतो असं म्हणणाऱ्यावर असोद्यात कुणी विश्वास ठेवणार नाही. भाजलेली वांगी देठाला धरून सोलायची. मग बडगी, म्हणजे लाकडाचं उथळ भांडं. तीत गर मुसळीने ठेचायचा. तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप, वर कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही, हळद नाही, गरम मसाला नाही. पाहुण्याला मुसळी दिली की पहिल्या पाच मिनिटांत तो घाई करतो आणि गर उडवतो. तेव्हा शेजारची मावशी त्याच्या हातातून मुसळी न घेता नुसतं ‘दमानं, भाऊ, दमानं’ म्हणते.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून दळून आणतात, ते कळण्याचं पीठ. नाहीतर पुऱ्या. ताट म्हणून केळीचं पान, कारण ते हाताशीच असतं. थंडीत अशा भरीत पार्ट्या शेताशेतात होतात. वाढदिवस असो, निवडणूक असो, नातलग पुण्याहून आलेले असोत, निमित्त कुठलंही चालतं. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मोकळी होतात, तेव्हा मागणी एकदम चढते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानी प्रवासी जळगावला येतातच. ते स्टेशनवर उतरतात, गाडी करतात आणि साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याला निघून जातात. अराई काम्पो हा जपानी चित्रकार १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला होता. त्याने तोक्योला नेलेल्या त्या नकला १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. नारा भागातल्या होर्युजी मठाची भित्तिचित्रं अजिंठ्याच्या बोधिसत्त्वांशी नातं सांगतात. तीही २६ जानेवारी १९४९ च्या आगीत करपली, आणि पुढे तोच दिवस जपानमध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या अग्निसुरक्षेचा दिवस ठरला. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटन सोयींसाठी जपानी कर्जाचा पैसाही आला आहे. एवढं सगळं असून पाहुणा जळगावात चहाच पिऊन जातो. त्या चहातलं पाणी बहुधा वाघूर धरणातलं असतं, आणि वाघूर म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांखालून वळसा घेत वाहणारी नदी, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. सुरत-कोलकाता महामार्गावरच्या ट्रकांमध्ये सायकल घालणं हे सरावलेल्याचंच काम. बाकीच्यांनी एसटी धरावी. वाटेत एरंडोलजवळ पद्मालय आहे, तिथल्या दोन गणपतींपैकी एकाची सोंड डावीकडे तर दुसऱ्याची उजवीकडे. पारोळ्याला भुईकोट किल्ला आहे.

धुळ्यात मात्र सायकल पुन्हा काढायची, कारण क्योतोत शिकलेलं मोजणं इथे कामी येतं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. इथला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने व्यापारी बोलावून पांझरेच्या काठी सरळ रेषेत नवं गाव आखलं. गल्ल्यांना नावं देत बसण्याऐवजी क्रमांक दिले, आणि धुळेकर आजही पत्ता ‘गल्ली नंबर चार’ असाच सांगतात. क्योतोचा शिजो आणि धुळ्याची चौथी गल्ली यांत हजार वर्षांचं अंतर आहे, पण वाट सापडण्याची युक्ती एकच. आग्रा रोड ओलांडताना तेवढं सांभाळावं. तिथे डावी-उजवी बाजू हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे.

पाचकंदीलचा बाजार पाहून राजवाडे संशोधन मंडळाकडे वळावं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरं सांभाळायला पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायणाचं हस्तलिखित जपलेलं आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. नदी ओलांडली की देवपुरात एकवीरा देवी. आणखी दम असेल तर पांझरेच्या वरच्या अंगाला जावं. तिथे बंधारे आणि पाट काढून शतकानुशतकं चालत आलेली फड पद्धत दिसते: एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाटकऱ्याने वाटायचं.

दुपारी शेवभाजी. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून वाटलं, की रस्स्याला तो रंग येतो. शेव जाड आणि तिखट हवी, आणि ती ताटात वाढतानाच घालायची. आधी घातली तर तिचा लगदा होतो. हा एक पदार्थ क्योतोच्या तीन तासांत सहज बसला असता.

खापरावरची पुरणपोळी मात्र बसत नाही. तिचा खरा दिवस आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, आमरसासाठी आंबे पिळायला घेतलेले, आणि बाहेर ऊन असं, की सायकलच्या लोखंडी दांड्याला हात लावता येत नाही. सायकल पडवीत राहू द्यावी. मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं ठेवलेलं असतं. पीठ वस्त्रगाळ करून, तेल लावून, मळून मळून लुसलुशीत केलेलं. पुरण भरलेला उंडा आधी थापायचा, मग दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत वाढवायचा, आणि एका झटक्यात खापरावर पसरायचा. पोळपाट-लाटण्याचं इथे काम नाही.

पहिल्या पोळीचा घास पितरांच्या आगारीला, म्हणजे त्यांच्या नावाने विस्तवाला जातो. मग पाहुण्याची पाळी. त्याची पोळी मनगटावर आली की फाटते. आजी काही बोलत नाही; फाटलेली पोळी तशीच खापरावर टाकते, दोन घड्या घालून त्याच्याच ताटात वाढते आणि दुसरा उंडा पुढे सरकवते.