काठमांडू तीन तासांवर, मग लुंबिनी किती लांब?

घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांत नेपाळ धम्मसहलीची जी पत्रके येतात, त्यांत ‘मुंबई ते काठमांडू फक्त तीन तास’ असे ठळक छापलेले असते. आकडा खोटा नाही. हवाई अंतर साधारण १,६०० किलोमीटर आहे आणि थेट विमान अडीच-तीन तासांत पोहोचते. नेपाळचे घड्याळ आपल्या पुढे १५ मिनिटे आहे. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात, त्यामुळे जाताना प्रवास पाव तास जास्त दिसतो, येताना तेवढाच कमी. काठमांडूला धावपट्टी एकच आहे, त्यामुळे कधी कधी विमान वरच घिरट्या घालत राहते, ते वेगळे.

पण तथागतांचा जन्म काठमांडूत झालेला नाही. लुंबिनी तिथून बरीच पश्चिमेला, तराईच्या सपाट भागात, भारताच्या सीमेजवळ आहे. काठमांडूहून बसने घाट उतरत जायला आठ-दहा तास लागतात, पावसाळ्यात दरड कोसळली तर त्याहून जास्त. बचत गटातल्या महिला वर्षभर पैसे साठवून निघतात. त्यातल्या बऱ्याच जणी साठी ओलांडलेल्या, गुडघे धरलेल्या. त्यांना हा दिवसभराचा रस्ता आधी कोणी सांगत नाही, याचा आम्हाला राग येतो.

लुंबिनीच पाहायची असेल तर गोरखपूर बरे. मुंबईहून थेट विमान मिळाले तर सुमारे अडीच तास. तिकीट देशांतर्गत, म्हणून भाडेही बहुधा कमी. पुढे सोनौली सीमा शंभरेक किलोमीटर, आणि सीमेपलीकडे भैरहवावरून लुंबिनी आणखी पंचवीसेक. ट्रकची रांग नसेल तर चार तासांत पोहोचता येते. भारतीय गाडी पलीकडे न्यायची तर भन्सार, म्हणजे जकात कार्यालयाचा परवाना लागतो. आम्ही सीमा पायी ओलांडून पलीकडची गाडी करायला सांगतो. विमान परवडत नसेल तर कुर्ल्याच्या टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेस आहे, तीस तासांच्या वर धरा. भैरहव्यालाही २०२२ पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, पण मुंबईकरांनी त्याच्या भरवशावर बेत आखू नये.

काठमांडू वगळाच, असे आम्ही म्हणत नाही. जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये तिथेच गेले होते. बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरचे भाषण त्यांनी २० नोव्हेंबरला केले. त्यानंतर सोळा दिवसांनी महापरिनिर्वाण झाले. तब्येत इतकी खालावलेली असताना त्यांनी तो प्रवास केला. दोन्ही ठिकाणे करायची असतील तर काठमांडू ते भैरहवा देशांतर्गत विमान अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. पत्रकात ते धरले आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

आता कागदपत्रे, कारण जास्त माणसे इथेच अडतात. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मूळ मतदार ओळखपत्र लागते. आधार फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना चालते. म्हणजे सत्तरीची आजी आधारवर जाईल आणि तिच्यासोबतची पन्नाशीची सून काउंटरवरूनच परत येईल. सोनौलीमार्गे जातानाही हेच कार्ड जवळ असू द्या. मतदार कार्डावर माहेरचे नाव आणि तिकिटावर सासरचे, असेही होते. दुरुस्तीसाठी नमुना ८ चा अर्ज असतो. नवे कार्ड हातात आल्यावरच तिकीट काढा.