एकाच कोनाड्याची झाडलोट



गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसा अनर्थ घडला, आणि तो घडविणारा मीच होतों. म्हणून आजच्या भाषणाचा विषय मला फारसा शोधावा लागला नाहीं. घरांत संगणक एकच, आणि त्यावर चार माणसांचे व्यवहार. एके संध्याकाळीं विजेचें बिल भरावयास बसलों असतां त्या संकेतस्थळानें विचित्र हट्ट धरला. परवलीचा शब्द बरोबर लिहावा, दार उघडल्यासारखें दिसावें, आणि क्षणार्धांत पुन्हां त्याच दाराबाहेर आपण उभे! तीनदां झालें, चारदां झालें. शेजारच्या एका तरुण गृहस्थांस विचारिलें, तेव्हां ते जिन्यावरूनच म्हणाले, "काका, सगळ्या कुकीज उडवून टाका." मीं आज्ञाधारकपणें उडविल्या, आणि बिल भरलें गेलें. परंतु रात्रीं दादांनीं आपली ईमेलची पेटी उघडावयास घेतली, तों तिनें परवलीचा शब्द विचारिला. तो शब्द दादांनीं कित्येक वर्षांपूर्वीं एकदां लिहिला होता. त्यानंतर त्यांस तो कोणीं विचारिलाच नव्हता. ओळख पटविण्याचा आंकडा यावयाचा तो त्यांच्या जुन्या मोबाइलवर, आणि तो क्रमांक केव्हांच बंद झालेला. निवृत्तिवेतनाचीं सारीं पत्रें त्या पेटींत. ती पुन्हां हातीं येण्यास अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत दादा माझ्याशीं जेवढें बोलले तेवढें एका पोस्टकार्डावर सहज मावलें असतें.

चूक कोठें झाली, हें समजण्यास कुकी म्हणजे काय तें आधीं पाहिलें पाहिजे. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालापासून वेबची योजना आंखली, तेव्हां तिचा नियम अगदीं साधा ठेविला. ब्राउझरनें पान मागावें, दूरच्या सर्व्हरनें तें द्यावें, आणि दोघांनीं एकमेकांस विसरून जावें. त्याच माणसानें दुसरें पान मागितलें, तरी सर्व्हरच्या लेखीं तो नवाच. लेख वाचावयाचे तर हें पुरे होतें. परंतु दुकानदारीस तें कसें चालावें? टोपलींत एक वस्तु टाकून गिऱ्हाईक दुसरी पाहावयास गेलें, कीं पहिल्या वस्तूचें स्मरण दुकानदारास नाहीं! १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली या तरुण अभियंत्यानें यावर तोड काढिली. दुकानदार विसराळू आहे ना, मग त्यानें खुणेची एक चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच हातीं द्यावी, आणि गिऱ्हाइकानें प्रत्येक खेपेस ती दाखवावी. संगणकाच्या कारागिरांत अशा खुणेस 'मॅजिक कुकी' म्हणण्याचा प्रघात होता, त्यावरून हिचें नांव कुकी पडलें.

आपल्याकडील देवळांबाहेर चपला सांभाळणारा माणूस असतो. तो आपलें तोंड लक्षांत ठेवीत नाहीं. आंकड्याचा बिल्ला देतो, आणि बिल्ला दिसला कीं चपला पुढें करतो. कुकीचें काम हेंच. तींत आपला परवलीचा शब्द सहसा नसतो. 'हा गृहस्थ एकदां ओळख पटवून आंत आलेला आहे' एवढाच अर्थ सांगणारा लांबलचक आंकडा असतो. दादांचा बिल्ला मीं फेंकून दिला. पत्रें कोठेंही गेलीं नव्हतीं. तीं दादांचींच आहेत हें सिद्ध करण्याचें एकुलतें साधन गेलें होतें.

एका कुकींत सुमारें ४ किलोबाइटांहून अधिक मजकूर मावत नाहीं. ही जागा पुढें अपुरी पडूं लागली, म्हणून ब्राउझरांनीं प्रत्येक संकेतस्थळास आपल्या घरांत एक मोठा कोनाडाच काढून दिला. त्यांत साधारण ५ मेगाबाइटांपर्यंत टिपणें राहतात. शिवाय चित्रें व पानांचे इतर भाग पुन्हां आणावे लागूं नयेत म्हणून सांठवून ठेविलेले असतात ते निराळेच. या कोनाड्यांत काय आहे याचा आपणांस बहुधा पत्ता नसतो. वर्डल नांवाचा शब्दकोड्याचा खेळ २०२१ सालीं जोश वॉर्डल यांनीं लोकांपुढें ठेविला. खेळणाऱ्याचे सलग किती दिवस जिंकले त्याचा हिशेब सर्व्हरकडे नसून त्याच्या स्वतःच्या ब्राउझरांतील अशाच कोनाड्यांत राहत असे. २०२२ सालीं न्यूयॉर्क टाइम्सनें तो खेळ विकत घेतला आणि फेब्रुवारींत आपल्या स्थळावर नेला, तेव्हां हे हिशेब हलवितांना कित्येकांचे गळाले व त्यांनीं मोठी हळहळ व्यक्त केली. खेळाचें एक असो. पण अर्धवट भरलेला अर्ज किंवा न पाठविलेला मजकूरही कांहीं स्थळें याच जागीं ठेवितात, आणि त्याची दुसरी प्रत कोठें नसते.

आतां, विजेच्या बिलाचें तें स्थळ मला फिरवीत कां होतें? अशा फेऱ्याचें नेहमींचें कारण म्हणजे शिळा बिल्ला. पलीकडे केव्हांच रद्द झालेली कुकी ब्राउझर इमानानें दाखवितो. आंतला पहारेकरी ती नाकारून आपणांस दाराकडे धाडतो, आणि दारावरचा पहारेकरी तीच कुकी पाहून 'तुम्ही तर ओळखीचेच' असें म्हणत पुन्हां आंत ढकलतो. कधीं कुकीज इतक्या सांचतात कीं त्यांचें ओझेंच जड होतें. पुष्कळ सर्व्हर सुमारें ८ किलोबाइटांहून अधिक असा मजकूर स्वीकारीत नाहींत, आणि मग पानाऐवजीं नुसता चुकीचा संदेश झळकतो. दोन्ही प्रकारांत दोष त्या एका स्थळाच्या कोनाड्यांत असतो. इतरांच्या वस्तु बाहेर फेंकण्याचें कांहींच कारण नसतें.

म्हणून कांहींही पुसण्यापूर्वीं एक परीक्षा करावी. ब्राउझरांत खाजगी खिडकी उघडण्याची सोय असते. क्रोममध्यें तिला इन्कॉग्निटो म्हणतात. ही खिडकी कोऱ्या मनानें उघडते, जुना एकही बिल्ला तिच्यापाशीं नसतो. तींत तें स्थळ नीट चाललें, तर बिघाड बहुधा आपल्याच सांठ्यांत आहे असें समजावें. तेथेंही हट्ट कायम राहिला, तर दोष बहुधा पलीकडचा. आपल्या झाडलोटीनें तो जावयाचा नाहीं. दुसरी गोष्ट, त्या स्थळाचा परवलीचा शब्द आपणांस ठाऊक आहे काय, व ओळखीचा आंकडा येणारा फोन चालू आहे काय, हें पाहून घ्यावें. ही दुसरी गोष्ट मी जरा आवाज चढवून सांगत आहें; कारण उघड आहे.

मग प्रत्यक्ष कृति. क्रोममध्यें तें स्थळ उघडून पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकास पाहावें. पूर्वीं तेथें कुलूप असे. २०२३ पासून दोन सरकत्या खुंट्यांसारखें चिन्ह आहे. तें दाबलें कीं 'कुकीज अँड साइट डेटा' ही ओळ येते, आणि तिच्या आंत त्या पानाशीं संबंध असलेल्या स्थळांचीं नांवें व प्रत्येकापुढें केराच्या टोपलीचें चिन्ह. येथें घाई करूं नये. दार एका नांवाचें आणि आंतलें दालन किंचित् निराळ्या नांवाचें, असें पुष्कळदां असतें. त्यांपैकीं एकच पुसलें तर फेरा सुटत नाहीं. फायरफॉक्समध्यें कुलपाच्या चिन्हाखालींच 'क्लिअर कुकीज अँड साइट डेटा' असें स्पष्ट लिहिलेलें सांपडतें. ॲपलच्या संगणकावर सफारीच्या सेटिंग्जमध्यें प्रायव्हसी या भागांत 'मॅनेज वेबसाइट डेटा' आहे. तेथें स्थळाचें नांव शोधून तेवढेंच काढतां येतें. आयफोनवर तीच यादी सफारीच्या सेटिंग्जच्या अगदीं तळाशीं, ॲडव्हान्स्ड या शब्दामागें दडविलेली आहे. ती इतकी खोल कां पुरली असावी हें मला उमगलेलें नाहीं. पुसून झाल्यावर पान नव्यानें उघडावें व ओळख पुन्हां द्यावी. ब्राउझरनें जतन केलेले परवलीचे शब्द किंवा खुणा करून ठेविलेलीं पानें या रीतीनें जात नाहींत.

या झाडलोटीनें आपली सारी माहितीच नाहींशी झाली, असा समज मात्र करून घेऊं नये. बिल्ला फेंकला म्हणून चपला सांभाळणाऱ्याच्या फळीवरून चपला नाहींशा होत नाहींत. त्या स्थळाच्या दप्तरीं आपलें जें कांहीं आहे तें तसेंच राहतें. तें काढावयाचें तर त्यांच्याकडेच मागणी करावी लागते. परक्या संगणकावर बसलों असतां कुकी पुसण्यापूर्वीं 'लॉग आउट' हें बटण दाबावें, तेंही याचसाठीं. त्या बटणानें बिल्ला रद्द करण्याचा निरोप पलीकडे पोंचतो. नुसत्या पुसण्यानें तो जात नाहीं. जाहिरातवाल्या तिऱ्हाइतांच्या कुकीज हा निराळाच मोठा विषय आहे. सफारीनें २०२० सालीं त्यांस सरसकट मज्जाव केला, आणि फायरफॉक्सनें २०२२ पासून प्रत्येक स्थळाची बरणीच वेगळी ठेवण्याचा क्रम सर्वांसाठीं लागू केला, एवढें सांगून तो आज येथेंच सोडतों.

गेल्या महिन्यांत विजेच्या बिलाचें तें स्थळ पुन्हां रुसलें. या वेळीं मीं तेवढाच कोनाडा रिकामा केला. पांच मिनिटांत बिल भरलें गेलें. दादा मात्र सबंध वेळ शेजारीं खुर्ची ओढून बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर परवलीचे शब्द लिहिलेली वही होती.