आर नदीकाठची तांबडी द्राक्षे

तांबडी वाइन म्हटली की फ्रान्स, इटली, स्पेन यांसारख्या उबदार देशांचे स्मरण होते. जर्मनीच्या थंड हवेत मुख्यतः पांढरी द्राक्षे होतात. ऱ्हाईन नदीला पश्चिमेकडून येऊन मिळणाऱ्या आर या लहानशा नदीचे खोरे मात्र या नियमाला अपवाद आहे. 50 अंश उत्तर अक्षांशाच्याही वर असलेल्या या खोऱ्यात द्राक्षमळे अवघे साडेपाचशे हेक्टरांच्या आसपास. परंतु त्यांतील सुमारे चार-पंचमांश वेली तांबड्या वाइनच्या. त्यांत प्रमुख जात श्पेटबुर्गुंडर, म्हणजेच फ्रान्समधील पिनो न्वार.

हे कसे साधते? एक तर ही जात तुलनेने लवकर पिकते. दुसरे कारण भूमीचे. खोरे अरुंद असल्याने वाऱ्यापासून आडोसा मिळतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या उतारांवर सूर्यकिरण अधिक सरळ पडतात. तेथील जमीन पुष्कळशी पाटीच्या दगडाची आहे. ज्या दगडावर आपण मुळाक्षरे गिरविली, तोच हा काळसर दगड दिवसभर ऊन साठवितो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो.

अशा चढावर यंत्र फारसे चालत नाही. दगडी ताली घालून पायऱ्यापायऱ्यांनी केलेले हे मळे हातानेच राखावे लागतात. या कष्टाला भाव मिळेना, तेव्हा 1868 मध्ये मायशोस गावच्या द्राक्षोत्पादकांनी सहकारी संस्था काढली. जगातील अशा सर्वांत जुन्या संस्थांत तिची गणना होते.

परंतु ज्या कड्यांनी ऊब दिली, त्यांनीच एकदा घातही केला. 14 जुलै 2021 रोजी, आधीच भिजलेल्या भूमीवर मुसळधार पाऊस कोसळला. अरुंद खोऱ्यात पाण्याला पसरावयास जागा नव्हती. त्या रात्रीच्या महापुरात या खोऱ्यातील एकशे तीसहून अधिक माणसे दगावली. उंचावरचे बहुतेक मळे वाचले. नदीकाठची तळघरे मात्र पिंपांसह उद्ध्वस्त झाली. चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता तशाच विकून उत्पादकांनी मदतनिधी उभारला. त्यात चाळीस लाखांहून अधिक युरो जमले.

वेलीचे घर उतारावर, माणसाचे पाण्याकाठी, ही तेथली जुनी रीत. पुन्हा घर बांधताना नदीला किती जागा सोडावयाची, हा प्रश्न आता त्या खोऱ्यापुढे आहे. आणि तो केवळ त्या एका खोऱ्यापुरता नाही.