रक्ताला विचारा

माझी आजी माटुंगा लेबर कॅम्पात तिसऱ्या बाळंतपणात गेली. कागदावर कारण लिहिले होते, ‘अशक्तपणा’. पुढे मी रसायनशास्त्र शिकवू लागलो तेव्हा हा शब्द मला छळू लागला. अशक्तपणा कशाने? शरीरात नेमके काय कमी पडले? तिच्या रक्ताला कुणी विचारले होते काय?

रक्ताला विचारणारी एक बाई त्याच्या कितीतरी आधी इथून जवळच, परळला येऊन गेली होती. 1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणी एक जीवघेणा पांडुरोग होई. रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्या आणि आकाराने फुगलेल्या. हाफकिन संस्थेत तिने आधी जंतू शोधले, मग ताटे तपासली. गरीब मुसलमान बायकांचे अन्न सर्वांत निकृष्ट होते, आणि रोगाला त्याच जास्त बळी पडत होत्या. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन तिने आधी आजारी माकड बरे केले, मग बायका. औषध लागू पडल्याची खूण रक्तातच दिसे : काही दिवसांत कोवळ्या तांबड्या पेशी वाढत. 1931 मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजे फोलेट. आज गरोदर बाईला लोहाची जी लाल गोळी मिळते, तीत ते 500 मायक्रोग्रॅम असते.

(मद्रासला विल्सने ज्या इस्पितळात काम केले त्याचे नाव ‘कास्ट अँड गोषा’. ते कुणासाठी बांधले, हे पाटीवरच लिहिलेले!)

त्याच 1928 साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. 1929 ला कायदा झाला. कामगार स्त्रीला विसावा मिळाला. ताट मात्र तेच राहिले.

मग आज 2019–21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी का निघतात? हिमोग्लोबिन फक्त तूट सांगते, कशाची तूट ते सांगत नाही. ते सांगतात चयापचयातले उरलेसुरले पदार्थ. फोलेट किंवा बी-12 यांपैकी एक जरी कमी पडले तरी रक्तात होमोसिस्टीन साचते. मिथाइलमॅलोनिक आम्ल मात्र बी-12 कमी असेल तरच वाढते. दोन्ही एकत्र वाचले की चोर सापडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. होमोसिस्टीन जास्त असलेल्या आयांची बाळे लहान निघाली. निम्म्याहून अधिक आयांत बी-12 कमी होते. 2008 साली आणखी एक गोष्ट पुढे आली : ज्या आयांत बी-12 कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक. म्हणजे फोलेट भरपूर असूनही काम अर्धेच होते.

बी-12 भाजीभाकरीत नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस, काळीज यांत असते. ज्या मांसासाठी आम्हाला गावाबाहेर ठेवले, ते गरिबाच्या आवाक्यातले मांस होते. 2015 च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाचेही मांस बंद झाले. त्याच्या जागी गर्भारणीच्या ताटात काय येणार, याचा हिशेब कुणी मांडला?

परवा वर्गात एका मुलीने विचारले, “सर, वहिनी गोळ्या चुकवत नाही, तरी रक्त वाढत नाही.” मी फळ्यावर त्या दोन पदार्थांची नावे लिहिली आणि विचारले, ती जेवते काय?

“चहा-चपाती. बटाटा. कधी डाळ.”

“आणि अंडे?”

“ते दादाला.”