नर्सिंगची सीईटी दिली, मेरिट नंबरही आला. तरी ‘नंबर लागायला’ एवढे दिवस का लागतात?

“काय गं, लागला का नंबर?”

बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिलेल्या मुलीला हा प्रश्न मामा, आत्या, शेजारच्या काकू आणि बारावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळीकडून येतो. परीक्षा उन्हाळ्यात झालेली असते. निकाल लागलेला असतो, मेरिट लिस्टमध्ये नाव आलेलं असतं. तरी पाऊस मध्यावर आला तरी कॉलेज ठरलेलं नसतं. घरच्यांना वाटतं, पोरगी काहीतरी लपवतेय. मुलीला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

आणि नेमक्या याच दिवसांत एक फोन येतो. “ताई, आमच्याकडे दोनच सीट उरल्यात. आज पैसे भरले तर कन्फर्म.”

या एका फोनवर घेतलेला निर्णय पुढची चार वर्षं महागात पडू शकतो. त्यामुळे हा थांबण्याचा काळ नेमका कशाचा असतो, ते नीट समजून घेऊ.

आधी परीक्षेचं गणित

नर्सिंगला पूर्वी बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचे, मध्ये काही काळ नीट परीक्षेचा आधार घेतला गेला. २०२३ पासून महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २० मार्कांचे प्रश्न, एकूण १००. हा साचा भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेला आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के आणि इंग्रजीत पास, ही अटही परिषदेचीच.

निकालात येतं ते पर्सेंटाइल. इथेच पहिला गोंधळ होतो. ८० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ८० मार्क नव्हेत. याचा अर्थ एवढाच, की परीक्षा दिलेल्या दर १०० जणांपैकी साधारण ८० जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. त्या वर्षी पेपर अवघड असेल तर ५० मार्कांनाही हे पर्सेंटाइल मिळू शकतं. त्यामुळे “गेल्या वर्षी माझ्या ताईला एवढे मार्क होते आणि तिला सरकारी कॉलेज मिळालं होतं” ही तुलना फारशी उपयोगाची नाही. तुलना करायचीच तर मेरिट नंबरची करावी, तीही आपल्या प्रवर्गातल्या.

‘वेटिंग लिस्ट’ नावाची गोष्ट इथे नसते

रेल्वेच्या तिकिटामुळे आपल्या डोक्यात वेटिंगची एक कल्पना बसलेली आहे. डब्ल्यूएल १२, मग डब्ल्यूएल ४, मग कन्फर्म. केंद्रीय प्रवेश प्रक्रिया म्हणजे कॅप तशी चालत नाही.

इथे कोणी साहेब तुमचा अर्ज वाचून हो किंवा नाही म्हणत नाही. मुलाखत नसते, शिफारस नसते. सॉफ्टवेअर मेरिट लिस्टच्या वरच्या टोकापासून सुरुवात करतं. समजा, तुमचा नंबर ४१२० आहे. तुमच्या वरचे सगळे झाले की सॉफ्टवेअर तुमचा पसंतीक्रम उघडतं. पहिल्या क्रमांकाच्या कॉलेजात तुमच्या प्रवर्गाची जागा उरली आहे का? नाही. दुसऱ्या? नाही. सातव्या? आहे. मग सातवं कॉलेज तुमचं. यादी संपेपर्यंत कुठेच जागा निघाली नाही, तर त्या फेरीत तुम्हाला काहीच मिळत नाही.

यावरून लक्षात येईल, की दरवर्षी सायबर कॅफेत दिला जाणारा एक सल्ला साफ चुकीचा आहे. “मोठं कॉलेज वर टाकू नकोस, तिथे तुझा लागणार नाही, पसंती वाया जाईल.” पसंती वाया जात नाही. मुंबईचं सरकारी कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि ते नाही मिळालं, म्हणून दुसऱ्या क्रमांकावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही, कारण रांग मेरिटची आहे, पसंतीची नाही. उलट ‘मिळण्यासारखं’ कॉलेज वर आणि ‘हवं असलेलं’ कॉलेज खाली टाकलं, तर हव्या त्या कॉलेजात जागा असूनही सॉफ्टवेअर तिथवर पोहोचणारच नाही. त्याला वरचंच मिळालं ना! ते थांबतं.

काळजी उलट्या बाजूने घ्यायची. जिथे काहीही झालं तरी जायचं नाही, ते कॉलेज यादीत भरतीसाठी टाकायचं नाही. फॉर्म भरताना ‘असू दे’ म्हणून टाकलेलं साडेतीनशे किलोमीटरवरचं कॉलेज लागलं, की घरात खरी भांडणं सुरू होतात.

मग यादी हलते कशाने?

पहिल्या फेरीत ज्यांना जागा मिळते ते सगळे नर्सिंगलाच येणार असतात, असं नाही. यातल्या बऱ्याच जणांनी नीटही दिलेली असते. कोणी बीडीएसची वाट बघतंय, कोणी बीएएमएस किंवा बीएचएमएसची, कोणी फिजिओथेरपीची. काही मुलींनी एम्सची बी.एस्सी. नर्सिंगची स्वतंत्र परीक्षा दिलेली असते. काहींना सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांत जायचं असतं. तिथली निवड नीटच्या गुणांवरून सुरू होते.

हे सगळे आपापली जागा धरून थांबलेले असतात. तिकडे आयुर्वेदाची फेरी लागते, इकडे नर्सिंगची एक जागा सुटते. ती कोणीतरी दुसरी घेते आणि तिची आधीची जागा सुटते. एक मुलगी वर सरकली की तिच्यामागे पाच-सहा जणी सरकतात.

म्हणजे तुम्ही ज्या निर्णयाची वाट बघताय, तो निर्णय बरेचदा तुमच्याबद्दल नसतोच. तो कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या, तुमच्या वरच्या नंबरवर असलेल्या मुलीचा असतो आणि तीही कशाची तरी वाट बघत असते. पहिल्या फेरीत नाव नाही म्हणजे नापास, असं समजून रडणाऱ्या मुलीला घरातल्या कोणीतरी एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

जागा मिळाली तरी काम संपत नाही. मुदतीत कॉलेजात जाऊन प्रवेश घ्यावा लागतो. मग दोन रस्ते असतात. हीच जागा पक्की करायची असेल, तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. वरच्या पसंतीसाठी थांबायचं असेल तर तो भरायचा नाही. मात्र पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं की आधीची जागा आपोआप रद्द होते. “दोन्ही ठेवते, मग बघते” हे चालत नाही. पहिलीच पसंती लागली आणि तरी गेलं नाही, तर बहुधा दार बंद होतं. या नियमांत दरवर्षी थोडेफार बदल होतात, म्हणून त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका डाउनलोड करून वाचायची. यूट्यूबवरचा गेल्या वर्षीचा व्हिडिओ नव्हे.

तो फोन आणि त्याची खरी किंमत

आता पुन्हा ‘दोनच सीट उरल्यात’ वाल्या फोनकडे येऊ.

खासगी विनाअनुदानित कॉलेजांत काही जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. ते बेकायदेशीर नाही. पण त्या जागाही सीईटी आणि गुणवत्तेच्या नियमांतच भरायच्या असतात. ठरलेल्या फीच्या वर ‘डोनेशन’ मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. कॉलेजची फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं.

खरा फटका मात्र वेगळाच आहे आणि तो फोनवर कोणी सांगत नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं, ही अट. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. पण मुलींच्या या माफीची मुख्य अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत.

म्हणजे बघा. तेच कॉलेज, तोच वर्ग, तोच पांढरा युनिफॉर्म. शेजारी बसलेली मुलगी तिसऱ्या फेरीपर्यंत थांबून कॅपमधून आली, तिची शिक्षण शुल्क माफ. तुम्ही तीन आठवडे आधी घाबरून संस्थेच्या कोट्यातून आलात, तर चारही वर्षांची फी वडिलांच्या खिशातून. शेती किंवा रिक्षावर चालणाऱ्या घरासाठी हा फरक छोटा नाही. अर्थात माफीत हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म यांचा खर्च येत नाही, तो धरूनच हिशेब करावा.

दुसरी अडचण मूळ कागदपत्रांची. ‘सीट ब्लॉक करायची’ म्हणून दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट एकदा कुठे दिलं, की दुसऱ्या फेरीत चांगलं कॉलेज लागलं तरी तिथे दाखवायला हातात काही नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्येच संस्थांनी मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं बजावलं आहे. पण मुदत उद्या संपत असताना आयोगाचं पत्रक घेऊन कोणाशी वाद घालणार? त्यापेक्षा प्रवेश नक्की होईपर्यंत ओरिजिनल हातातून सोडायचं नाही.

आणि तिसरी गोष्ट, कॉलेज खरं आहे का? मध्य प्रदेशात हा प्रश्न हायकोर्टात गेला. कोर्टाच्या आदेशाने सीबीआयने तिथल्या ३०० हून जास्त नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली आणि त्यातली कित्येक कॉलेजं निकषांत बसली नाहीत. मे २०२४ मध्ये तर चांगला अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने आपल्याच अधिकाऱ्याला अटक केली. या सगळ्यात भरडले गेले विद्यार्थी. काही बॅचच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षाच वर्षानुवर्षं रखडल्या.

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगचं कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे दोन्ही बघावं. या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. कॅपच्या यादीत असलेल्या कॉलेजांबाबत ही चाळणी बऱ्याच अंशी आधीच लागलेली असते, हाही थांबण्याचा एक फायदा.

थांबायचं म्हणजे बसून राहायचं नाही

जास्तीत जास्त मुली जिथे अडकतात ती जागा म्हणजे तहसील कार्यालय आणि जात पडताळणी समिती. ओबीसी, भटके-विमुक्त, एसबीसी आणि एसईबीसी यांना नॉन-क्रिमीलेअर लागतं आणि ते चालू कालावधीचं हवं. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे ऐनवेळी लक्षात येतं. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत नसेल तर अर्ज खुल्या प्रवर्गात ढकलला जाऊ शकतो आणि ४१२० नंबरचा अर्थच बदलून जातो. पडताळणीला महिने लागतात, म्हणून खरं तर हा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नावाचं स्पेलिंग, हे सगळं पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधल्या दिवसांत तपासून होतं.

सोबत दुसरा दरवाजाही उघडा ठेवता येतो. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतो. त्यानंतर परिषदेकडे नोंदणी होते आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळते. वॉर्डात सलाईन लावताना पेशंट विचारत नाही, सिस्टर तुम्ही डिप्लोमा की डिग्री. बढतीत आणि शिकवण्याच्या नोकरीत मात्र फरक पडतो, हेही खरं.

राहिला मामाच्या प्रश्नाचा. सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर आधीच्या वर्षांच्या प्रत्येक फेरीच्या याद्या बघायला मिळतात. आपल्या पसंतीच्या कॉलेजात, आपल्या प्रवर्गात, शेवटच्या फेरीत शेवटचा प्रवेश कितव्या मेरिट नंबरला झाला होता, ते एका वहीत उतरवून ठेवायचं. पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या आकड्यात केवढं अंतर पडतं, तेही शेजारी लिहायचं. मग पुढच्या वेळी “लागला का नंबर?” असं विचारलं, की सांगता येतं: “मामा, माझा ४१२० आहे. या कॉलेजात गेल्या वर्षी पहिल्या फेरीत ३६०० ला थांबलं होतं आणि तिसऱ्या फेरीत ४५०० पर्यंत गेलं होतं. अजून दोन फेऱ्या बाकी आहेत.”