जुनी व्हॅन : दारात उभी, वेळेला नाही

ऊस, पाणी, खत आणि बिल ह्या चार विषयांवर आपण नेहमीच वाचतो. आज आम्ही जरा वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. विषय तसा घरगुती, पण शिरूर आणि दौंड ह्या दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्यांवर त्याचे दुखणे आहे. हा विषय म्हणजे दारात उभी असलेली जुनी व्हॅन.

आपल्या भागात बैलगाडी मागे पडली, तशी आधी मॅटाडोर आली. आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीची ही गाडी १९८० च्या दशकात लग्नाचे वऱ्हाड, कांद्याच्या पिशव्या आणि आजारी माणूस असे सगळेच वाहून नेत असे. त्याच दशकात, १९८४ साली मारुतीची व्हॅन निघाली. १९८८ पासून तिला ओम्नी हे नाव मिळाले. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि बसवलेले पुढच्या सीटखाली. दार बाजूला सरकणारे. मागची सीट काढली की दुधाचे कॅन बसतात, लावली की घरातली माणसे बसतात. २०१९ साली सुरक्षिततेचे नवे नियम आले आणि ह्या गाडीचे उत्पादन थांबले. तरी न्हावरे, मांडवगण, पारगाव, केडगाव, चौफुला ह्या पट्ट्यात ती अजून दिसते. स्वस्त, हलकी आणि कुठल्याही मिस्त्रीच्या हाताखाली गेलेली. म्हणून माणूस तिला सोडत नाही.

आमची व्हॅन १९९८ सालची. वडिलांनी ती उसाच्या बिलातून, सहा वर्षे वापरलेली अशी घेतली. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचा आणि वर्षभर तिच्याकडे बघायचे नाही, असा आमचा रिवाज. "दसऱ्याला हार आणि वर्षभर मार," असे आमच्या आई म्हणतात, ते खोटे नाही.

त्या रात्री काय झाले

गळीत हंगामातली गोष्ट. भीमेच्या अलीकडे आमच्या वस्तीवर तोडणीची टोळी उतरली होती. रात्री दहाच्या सुमारास मुकादम पळत आला. "दादा, गाडी काढा! पोराला पान लागलं!"

पाचटाजवळ निजलेल्या एका तरुण कोयत्याला घोणस चावली होती. पाय सुजायला लागला होता. आम्ही चावी घेऊन व्हॅनकडे धावलो, चावी फिरवली. ना दिवा, ना आवाज. बॅटरी उघडून पाहिली तर तिथे नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या. बॅटरी कोणी नेली, केव्हा नेली, पत्ता नाही. गाडी कित्येक दिवस कोणी उघडलीच नव्हती, मग कळणार कसे?

१०८ ला फोन केला. पण वस्तीचा रस्ता सांगण्यात आणि वाट पाहण्यात एकेक मिनिट तासासारखे जात होते. शेवटी शेजारच्या वस्तीवरचे भाऊ पिकअप घेऊन आले. मुलाला न हलवता आडवे ठेवून, पाय स्थिर बांधून, कापाकापी न करता दवाखान्यात नेले. लस वेळेत मिळाली आणि मुलगा वाचला. चार दिवसांनी तो पुन्हा खोपीवर आला, तेव्हा त्याच्या आईने आमच्याकडे बघून हात जोडले. आम्हांला मात्र मान वर करवेना. दारात गाडी असून ती कामाला आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरची बॅटरी जोडून पाहिली. वाटले, आता तरी सुरू होईल. इंजिन फिरले, पण गाडीने दम धरला नाही. धक्का दिला, दोनदा खोकली, गप्प बसली. म्हणजे बंधूंनो, चोराने फक्त बॅटरी नेली होती. बाकीचे सगळे आम्हीच करून ठेवले होते.

उभी गाडी मरते

मिस्त्री आले. सीट उचलून आत बघितले आणि म्हणाले, "मालक, गाडी चालून मरत नाही, उभी राहून मरते. बैल पावसाळाभर दावणीला ठेवला आणि एकदम मोटेला जुंपला, तर चालंल का?"

त्यांनी एकेक दुखणे दाखवले. दिवाळीपासून गाडी उभी होती. टाकीत थोडेसे जुने पेट्रोल, त्याच्या तळाला पाणी. कार्बोरेटरमध्ये डिंकासारखा थर. पेट्रोलच्या रबरी नळ्या फुगलेल्या, एका ठिकाणी चिरलेल्या. वायरिंगचा एक जुडगा उंदरांनी कुरतडलेला. उसाची तोड सुरू झाली की फडातले उंदीर वस्तीकडे सरकतात, हे आपण जाणतोच. त्यांना गाडीच्या पोटात ऊबही मिळते आणि कुरतडायला वायरीही मिळतात.

ह्या व्हॅनचे इंजिन सीटखाली आहे, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. पेट्रोलची नळी गळू लागली, तर ते पेट्रोल बसणाऱ्याच्या बुडाखाली तापलेल्या इंजिनावर पडते. त्यात वायर कुरतडलेली असली, तर ठिणगीला वेळ लागत नाही. म्हणून आत पेट्रोलचा वास आला की "जुनी गाडी आहे, येतोच वास" असे म्हणून पुढे जाऊ नये. गाडी तिथेच थांबवावी. काही जण खर्च वाचवायला घरगुती गॅसची टाकी व्हॅनला जोडतात. तो तर बेकायदा आणि जिवावरचा खेळ आहे. गॅस किट बसवायचेच असेल, तर मान्यताप्राप्त बसवावे आणि आरसी बुकात त्याची नोंद करून घ्यावी.

आपलेच इथेनॉल, आपलीच नळी

आता ज्या गोष्टीचा आपल्या उसाशी थेट संबंध आहे, ती थोडी सविस्तर सांगतो.

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २००३ साली काही राज्यांत झाली. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ साली मिश्रण २० टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून आणि मक्यासारख्या धान्यापासून होते. साखरेचे भाव पडले तरी कारखान्याच्या हातात दुसरा पैसा येतो आणि आपल्या बिलाला त्याचा आधार मिळतो. म्हणजे इथेनॉल आपल्या हिताचेच आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण १९९८ ची गाडी ह्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. २० टक्के मिश्रण चालेल अशा रबराच्या आणि धातूच्या भागांच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली आणि टाकी अर्धी रिकामी असली, की हवेतला ओलावा आत शिरतो. पाणी जास्त झाले, की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते आणि पहिली चावी फिरवताच नेमके तेच कार्बोरेटरमध्ये येते. जुने रबर इथेनॉलने फुगते, चिरते. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ताकद असते, त्यामुळे ॲव्हरेजही थोडे घटते. जुन्या पद्धतीच्या चारचाकींना ही घट ६ ते ७ टक्के पडेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिलेला आहे.

ह्यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या एकदा बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालाव्यात. फिल्टर बदलावा. गाडी उभी ठेवायची वेळ आली, तर टाकी भरलेली ठेवावी आणि तेच पेट्रोल महिनोन् महिने जुने होऊ देऊ नये. आठवड्यातून एकदा तरी गाडी दोन-चार किलोमीटर फिरवावी. नुसती जागेवर सुरू करून बंद केली, तर बॅटरीतून गेलेले परत भरत नाही. आम्ही आता शनिवारी व्हॅनने किराणा आणतो. मोटरसायकलवर झाले असते तरी व्हॅननेच आणतो.

चोर गाडी नेत नाही, तुकडे नेतो

आता राखणीविषयी. एवढ्या जुन्या गाडीला कोण हात लावणार, असा आपला समज असतो. अख्खी गाडी न्यायला चोराला जोखीम असते, पण बॅटरी, स्टेपनी आणि टाकीतले पेट्रोल पिशवीत नाहीतर कॅनमध्ये जाते. ईको जातीच्या नव्या व्हॅनचे तर सायलेन्सर कापून नेण्याचे प्रकार २०२० नंतर महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये झाले. धूर स्वच्छ करणारा जो भाग त्यात असतो, त्याला प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम ह्या मौल्यवान धातूंचा थर असतो. जगाच्या बाजारात त्या धातूंचे भाव वाढले, तशी परदेशातही ही चोरी वाढली. तिकडच्या बाजाराची झळ आपल्या गोठ्याशेजारच्या गाडीला लागते, ती अशी.

जुन्या व्हॅनचे कुलूप झिजलेले असते. आमच्या व्हॅनचे मागचे दार तर शेजाऱ्यांच्या कपाटाच्या चावीने उघडले, तेव्हा आमचेच डोळे उघडले. त्यानंतर आम्ही केलेल्या गोष्टी अशा :

१. दारांची आणि चावीची कुलपे नवीन बसवली. सरकत्या दाराची खिटी दुरुस्त केली.

२. बॅटरीवर लोखंडी पट्टी टाकून तिला कुलूप लावले. गावातल्या वेल्डिंगवाल्याने तासाभरात काम केले.

३. करंट तोडणारे एक चोरबटन आतल्या बाजूला बसवले. ते कुठे आहे, हे घरातल्या तिघांनाच ठाऊक.

४. पेट्रोलच्या टाकीला कुलपाचे झाकण लावले.

५. गाडी रस्त्याकडेला न ठेवता घराच्या उजेडात, मागचे दार भिंतीला टेकवून लावतो.

६. इंजिन नंबर, चॅसी नंबर आणि बॅटरीवरचा नंबर वहीत लिहून ठेवले. पोलिसांत तक्रार द्यायची तर हे नंबर लागतात.

तक्रार मात्र जरूर द्यावी. "बॅटरीच गेली, कशाला चकरा मारायच्या" असे आम्हीही म्हणालो होतो. पण नोंद नसली, की एका वस्तीची चोरी दुसऱ्या वस्तीला कळत नाही आणि चोराचे फावते. नंबरप्लेटचेही तसेच आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. तिचे कुलूप एकदाच बसते, काढायला गेले तर मोडते. आपल्या गाडीची पाटी काढून दुसऱ्याच्या चोरीच्या गाडीला लावणे त्यामुळे अवघड होते. दंड टळतो म्हणूनच नव्हे, तर ह्यासाठीही ती बसवून घ्यावी.

कागद आणि हिशोब

खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते, पुढे दर ५ वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. १५ वर्षांपुढच्या मोटारीसाठी ही फी पूर्वी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे आणि राज्याचा पर्यावरण करही वेगळा. आमची मुदत २०२३ मध्ये संपली आणि हंगामाच्या गडबडीत तीन महिने उशीर झाला. १,५०० रुपये फुकट गेले.

विम्याचे नीट समजून घ्यावे. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. गाडी चोरीला गेली किंवा जळाली, तर त्यातून आपल्याला एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा वेगळा विमा लागतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत आपण आणि कंपनी ह्यांनी आपसांत ठरवायची असते, आणि फार जुनी गाडी कंपन्या सहसा घेत नाहीत. म्हणजे आपल्या जुन्या व्हॅनचा खरा विमा म्हणजे तिचे कुलूप. तसेच पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन मजूर नेऊ नयेत. अपघात झाला तर विमा कंपनी अंग काढून घेते आणि सगळे आपल्या सातबाऱ्यावर येते.

मग जुनी गाडी ठेवावी की मोडावी? आम्ही एक साधी वही घातली आहे. वर्षाचा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, किंवा खालचा पत्रा सडून दाराची चौकट हलायला लागली, तर भावना बाजूला ठेवून गाडी मोडीत द्यायची, असे ठरवले आहे. मोडीत देताना ती सरकारमान्य केंद्रातच द्यावी. तिथे मिळणाऱ्या दाखल्यावर नवीन गाडीच्या करात सवलत मिळते आणि आपल्या नावावरची नोंदणी रद्द होते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली, तर गाडी जाते पण नाव आपलेच राहते.

आमची व्हॅन तूर्त तरी त्या रेषेच्या अलीकडे आहे. नळ्या, वायरिंग, कुलपे, बॅटरी असा सगळा खर्च मिळून एका टायरजोडीच्या आसपास गेला. इतक्या पैशांसाठी आम्ही तिला इतके दिवस उभी ठेवली, ह्याचीच लाज वाटते.

सभासद बंधू-भगिनींनो, हंगामात वस्तीवर परगावची माणसे लेकराबाळांसह उतरलेली असतात. रात्री-अपरात्री त्यांना आपल्याच दाराचा आधार असतो. म्हणून आपल्या दारातल्या गाडीला आज एकदा चावी लावून बघा. सुरू झाली तर पारगावच्या पुलापर्यंत एक फेरी मारून या. नाही झाली, तर उद्याच मिस्त्रीला बोलवा. रात्री कोणी पळत येईल, तेव्हा ते शोधत बसायला वेळ नसतो.