सर्टिफिकेटच्या पलीकडचे १२० तास

'एनएसएसला नाव का दिलंस?' 'सर्टिफिकेटसाठी!' हे उत्तर कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास मिळतं. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिरही असतं. तिथे सरपंचांशी बोलावं लागतं, सगळ्यांच्या जेवणाचा हिशेब ठेवावा लागतो आणि ज्याच्याशी अजिबात पटत नाही, त्याच्याच सोबतीने बंधाऱ्यासाठी मातीची पोती उचलावी लागतात.

'टीमवर्क' हा शब्द रेझ्युमेवर सगळेच लिहितात. मुलाखतीत 'एखादं उदाहरण सांगा' म्हटलं, की गाडी अडते. शिबिरात नुसते सेल्फी काढलेत, तर सांगण्यासारखं काय उरणार? म्हणून यंदा हिशेबाची वही स्वतःहून मागून घ्या. सांगायला खरंखुरं उदाहरण मिळेल.